कॅमेलिऑनला पाण्याची वाटी नको, गळणारं पाणी द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या पेपरात पाळीव प्राण्यांबद्दल बऱ्यापैकी छापून येतं, कुत्री, मांजरं, पक्षी, मासे सगळ्यांना जागा मिळते, पण सरपटणारे प्राणी पाळणारेही आता कमी राहिलेले नाहीत आणि त्यांच्याबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. त्यातला कॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा, हा प्राणी दिसायला इतका देखणा की लोक बघताक्षणी घेऊन येतात, खाणं काय द्यायचं, दिवा कुठला लावायचा हे विचारतात, पाण्याबद्दल मात्र कुणी विचारतच नाही कारण पाण्यात विचारण्यासारखं काय आहे असं सगळ्यांना वाटतं. आणि नेमके हे प्राणी घरोघरी हळूहळू तहानेनेच खंगतात. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय पण कृपया पूर्ण छापा.

मूळ मुद्दा असा की वाटीत भरून ठेवलेलं पाणी कॅमेलिऑनला बहुतेक वेळा कळतच नाही. हा झाडावर राहणारा प्राणी आहे. फांद्यांमध्ये पाणी साचून राहत नाही, ते वरून पडतं, पानावरून ओघळतं, पानाच्या टोकाला लटकतं आणि चमकतं. त्याच्या डोळ्याला तीच चमक आणि तीच हालचाल समजते. खाली ठेवलेलं शांत पाणी त्याच्यासाठी पाणी नाहीच, त्यामुळे वाटी भरलेली असते, मालक निर्धास्त असतो, आणि प्राणी वर फांदीवर बसून सुकत असतो. काही कॅमेलिऑन वाटीतून प्यायला शिकतात हे खरं आहे, पण आपला शिकेल या भरवशावर राहणं चुकीचं आहे. शिवाय वाटीत रातकिडे पडून मरतात, वरून विष्ठा पडते, आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी कुणीच पिऊ नये असं झालेलं असतं.

तो पाणी कसा पितो हे एकदा नीट बघाच. फवारा सुरू झाला की सुरुवातीला थोडा वेळ तो काहीच करत नाही, उलट अंग आखडून घेतो, डोळे बारीक करतो, कधीकधी पानाआड सरकतो. मग पानं ओली होतात, थेंब घरंगळायला लागतात, आणि एक डोळा वळून समोरच्या पानाच्या टोकावर थांबतो. किडा पकडताना जशी जीभ लांब फेकतो तसं इथे अजिबात करत नाही, तोंड पानाला टेकवतो, जिभेचं टोक थोडंसं बाहेर काढून थेंब टिपतो, मग तोंड चावल्यासारखं हलवतो, मान थोडी वर करतो, गिळतो, आणि पुन्हा तेच. एकदा लय लागली की कितीतरी वेळ पीत राहतो. मध्येच एखादा डोळा फुगवून गोल गोल फिरवतो, तेव्हा नवीन लोक घाबरतात, पण पाणी मिळाल्यावर तो डोळा धुतोय एवढंच ते असतं. डोळा नंतरही तसाच फुगलेला राहिला किंवा दिवसाउजेडी मिटलेलाच राहिला तर मात्र डॉक्टरकडे न्यायचं, वाट बघत बसायचं नाही.

आता यातून लक्षात येईल की प्यायला सुरुवात करायलाच त्याला वेळ लागतो. आणि आपण काय करतो, ऑफिसला निघता निघता स्प्रेच्या बाटलीने चार वेळा फुसफुस करून मोकळे. तेवढ्यात पानं नुसती ओलसर होतात, तो सावध होतो, आणि प्यायचा विचार करेपर्यंत सगळं वाळून गेलेलं असतं. म्हणजे मालकाच्या मते दिवसातून तीनदा पाणी दिलं आणि प्राण्याच्या पोटात थेंब नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की किती वेळा फवारलं हे मोजू नका, पानावरून पाणी सलग किती मिनिटं गळत होतं ते बघा. एका वेळी निदान दोन-तीन मिनिटं तरी, आणि जो प्राणी बुजरा आहे त्याला त्याहून जास्त. काही जण माणूस समोर उभा असेल तर पीतच नाहीत, त्यांना पाणी सुरू करून देऊन खोलीबाहेर जावं लागतं, आणि असे बुजरे खूप असतात, म्हणून "आमचा पाणीच पीत नाही" असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो की तुम्ही समोर उभे असता का.

या सगळ्याला सोपा आणि जवळजवळ फुकटचा उपाय म्हणजे ड्रिपर. एक डबा, त्याला बारीक नळी, नळीला मासळीच्या टाकीला वापरतात तसा छोटा व्हॉल्व्ह, डबा पिंजऱ्याच्या वर ठेवायचा आणि नळीचं तोंड वरच्या पानांवर सोडायचं. तेही नसेल तर प्लास्टिकच्या कपाला तळाशी टाचणीने भोक पाडून जाळीवर ठेवला तरी चालतं, खरंच चालतं. वेग साधारण एक-दोन सेकंदाला एक थेंब. थेंब थेट जमिनीवर पडू देऊ नका, तो एका पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा उतरला पाहिजे म्हणजे वाटेत पाच-सहा ठिकाणी चमकतो आणि त्याला जिथून सोयीचं तिथून पिता येतं. ढोबळ हिशोब सांगतो, साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे सेकंदाला एक थेंब धरला तर मिनिटाला ३ मिली आणि तासाला १८० मिली. हा आकडा सांगायचं कारण असं की एवढं पाणी खाली कुठेतरी जातंय हे लोक विसरतात. तळाला ट्रे किंवा निचरा नसेल तर दोन दिवसात खाली डबकं होतं, त्यात किडे मरतात, वास सुटतो, डास होतात, आणि तीच घाण हवा वर बसलेला प्राणी श्वासात घेतो. जे ड्रिपर लावतील त्यांनी निचऱ्याची सोय आधी करावी, ड्रिपर नंतर.

मिस्टिंग सिस्टीम म्हणजे त्याच्या पुढची पायरी. पाण्याचा डबा, दाबाचा पंप, नळी, वर जाळीला बसवलेले नोझल आणि टायमर. घरी कुणी नसलं तरी ठरल्या वेळी फवारा होतो हा मोठा फायदा आणि ज्यांची नोकरी दिवसभराची आहे त्यांनी तर ही घ्यावीच असं माझं स्पष्ट मत आहे. पण विकत घेऊन लावली की काम संपलं असं होत नाही. नोझलचं भोक केसाएवढं बारीक असतं, आणि पाणी जड असेल तर त्यात क्षार साचतात. आधी फवाऱ्याचा शंकू एका बाजूला झुकतो, मग धुक्याऐवजी एकच धार पडायला लागते, मग नोझलच्या तोंडाशी पांढरी कड दिसते आणि एक दिवस ते बंद. काढून व्हिनेगरमध्ये काही तास ठेवलं की बहुतेक वेळा मोकळं होतं. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरलं तर हा त्रास जवळपास होतच नाही आणि पानांवरही पांढरे डाग पडत नाहीत. डबा अपारदर्शक घ्या, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. आणि डबा आतून हात फिरवून बघा, बुळबुळीत लागला तर त्यात जिवाणूंचा थर बसलाय आणि तोच आपण बारीक तुषार करून प्राण्याच्या नाकातोंडात मारतोय, त्यामुळे डबा आणि नळ्या नियमित धुवून कोरड्या करणं हे पाणी भरण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. पंप कोरडा चालू देऊ नका, जळतो. डबा नोझलपेक्षा उंचावर ठेवू नका नाहीतर पंप बंद झाल्यावरही पाणी आपोआप गळत राहतं आणि सकाळी उठून बघावं तर फरशीवर तळं. नोझलचं तोंड गरम बल्बकडे नको, गरम काचेवर गार पाणी पडलं की बल्ब तडकतो. वायरी अशा सोडा की ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही, वायरचा खाली झोल ठेवला की पाणी तिथूनच टपकून जातं.

इथपर्यंत वाचून काही लोक उत्साहाने दिवसभर फवारे चालू ठेवतील, त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय आणि हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पिंजरा पूर्ण सुकला पाहिजे. पानं, फांद्या, जाळी, सगळं. सतत ओलं, गरम आणि हवा कोंडलेली, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की श्वसनाचा संसर्ग होतो. प्राणी मान वर करून तोंड उघडून बसतो, श्वास घेताना आवाज येतो, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसते. उन्हाच्या दिव्याखाली गरम झाल्यावर थोडा वेळ तोंड उघडणं वेगळं, ते बाजूला सरकला की थांबतं. पण दिव्यापासून लांब बसूनही तोंड उघडंच असेल तर ते दुखणं आहे. म्हणूनच यांना जाळीचा पिंजरा सुचवतात, हवा खेळती राहते. बंद काचेच्या टाकीत ठेवून वर दिवसभर फॉगर म्हणजे धुकं करणारं यंत्र चालू सोडणं हे बघायला छान दिसतं, फोटोही सुंदर येतात, पण प्राण्याच्या फुफ्फुसांसाठी ते वाईट आहे आणि असे फोटो बघून नवीन लोक तेच करतात याचं मला फार वाईट वाटतं.

धुकं द्यायचंच तर रात्री द्या. या प्राण्यांच्या मूळ जागी दिवस त्यामानाने कोरडा असतो आणि रात्री गारवा वाढला की दमटपणा वाढतो, पहाटे दव पडतं. व्हेल्ड कॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला, नकाशावर वाळवंट दिसतं म्हणून लोक समजतात याला पाणी कमी लागतं, पण तो डोंगर उतारावर आणि हिरव्या दऱ्यांमध्ये राहतो आणि तिथल्या धुक्यावर, दवावर त्याचं चालतं, शिवाय तो पानंही खातो त्यातून थोडं पाणी मिळतं. पँथर कॅमेलिऑन मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनारपट्टीकडचा, तिथे पाऊसच जास्त. जॅक्सनचा, तो तीन शिंगांचा, केनिया आणि टांझानियाच्या थंड डोंगरांतला, त्याला गारवा आणि ओल दोन्ही हवी, उष्णता अजिबात सोसत नाही. तेव्हा तिघांना एकच वेळापत्रक चालणार नाही. ढोबळमानाने दिवसा व्हेल्डला ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरते, पँथरला थोडी जास्त, आणि रात्री दोघांनाही ७५ टक्क्यांच्या वर गेली तरी चालते, मात्र हवा थंड असेल तरच, म्हणजे साधारण २० अंशांच्या आसपास किंवा खाली. रात्री खोली गरम राहत असेल तर फॉगर बंद ठेवा. आणि फॉगर म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे, त्याने हवा ओली होते, पानावर पिण्याजोगा थेंब व्हायला फवारा नाहीतर ड्रिपर लागतोच.

वेळापत्रक म्हणाल तर मला सगळ्यात पटलेली पद्धत अशी, पहाटे दिवे लागायच्या आधी एक मोठा फवारा म्हणजे उठल्या उठल्या त्याला दव मिळतं, दिवसा मधल्या वेळेत कधीतरी ड्रिपर पंधरा-वीस मिनिटं, आणि रात्री दिवे बंद झाल्यावर आणखी एक फवारा. दुपारी दिव्याच्या उन्हात सगळं सुकू द्यायचं. पिल्लं असतील तर हे चालत नाही, त्यांचं अंग एवढंसं असतं की लवकर सुकतात, त्यांना फवारे जास्त वेळा, पण थेंब बारीक, आणि तळाशी पाणी साचलेलं अजिबात नको. अंडी असलेल्या मादीकडे वेगळं लक्ष द्या, शरीरात पाणी कमी असलं की अंडी अडकण्याचा धोका वाढतो.

पाणी पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं, तर विष्ठा बघायची. किळस वाटून घेऊ नका, सगळ्यात खरी माहिती तिथेच मिळते. काळपट-तपकिरी भाग असतो आणि त्यासोबत एक वेगळा गोळा असतो तो युरेट, म्हणजे आपल्या लघवीच्या जागी त्यांचं जे असतं ते. सरपटणारे प्राणी पाणी वाचवण्यासाठी युरिक अॅसिड असं घट्ट स्वरूपात बाहेर टाकतात. हा गोळा पांढरा आणि मऊ असेल तर छान. टोकाला किंचित पिवळा असेल तर लक्ष ठेवा. पूर्ण पिवळा किंवा नारिंगी, खडबडीत, खडूसारखा कोरडा असेल तर पाणी कमी पडतंय. आणि हे बरेच दिवस चाललं तर मूत्रपिंडांवर ताण येतो, युरिक अॅसिड बाहेर पडत नाही, त्याचे खडे सांध्यांत आणि आतल्या अवयवांवर जमतात, म्हणजे गाऊट. तोपर्यंत प्राणी फांदी नीट पकडू शकत नाही, सांधे सुजतात, आणि मग उपचार असून नसल्यासारखे. डोळे खोल गेलेले दिसले तर तेही पाणी कमी असल्याचं लक्षण असू शकतं, पण दुसऱ्या आजारातही डोळे खोल जातात, त्यामुळे फक्त पाणी वाढवून गप्प बसू नका. कॅमेलिऑन आजार लपवतो, दिसायला लागला म्हणजे बराच पुढे गेलेला असतो.

असा सुकलेला प्राणी दिसला की लोक घाबरून त्याला टबात बसवतात किंवा सिरिंजने तोंडात पाणी मारतात. दोन्ही करू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे तिथेच असतं, जोराने पाणी गेलं की थेट फुफ्फुसात जातं. त्यापेक्षा कुंडीतलं एक झाड बाथरूममध्ये ठेवा, त्याच्यावर प्राणी ठेवा, शॉवरची धार भिंतीवर मारा म्हणजे उडालेले कोमट तुषार झाडावर पडतील, आणि वीस-तीस मिनिटं तिथेच थांबून लक्ष ठेवा, धार थेट अंगावर नको, पाणी गार व्हायला लागलं की बंद. तरीही पीत नसेल तर डॉक्टर, ते त्वचेखाली सलाईन देतात आणि ते काम त्यांनाच करू द्या.

किड्यांमधूनही पाणी जातं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रातकिड्यांना कोरडी पावडर घालून ठेवली तर ते आतून कोरडेच, त्यांना ताजा पाला, भाज्या दिल्या तर त्यांच्या पोटातून ओलावा पुढे जातो. रेशीमकिडे, हॉर्नवर्म नावाच्या जाड अळ्या यांच्यात पाणी भरपूर असतं, आजारातून उठणाऱ्या प्राण्याला हे उपयोगी. पण याला पाण्याचा पर्याय समजू नका.

झाडं खरी लावा हेही सांगायचं राहिलं. मनीप्लांट, जास्वंद, फायकस, शेफलेरा अशी रुंद आणि भरपूर पानांची. प्लास्टिकच्या पानावरून पाणी लगेच सरकून जातं, खऱ्या पानावर थेंब टिकतो, शिवाय कुंडीतली माती थोडा ओलावा धरून हळूहळू सोडते. झाड नवीन आणलं तर पानं नीट धुवा, कीटकनाशक असतं आणि तो पाणी त्याच पानावरून पिणार आहे. आर्द्रता बघायला डिजिटल मीटर घ्या, सुईवाले गोल मीटर भरवशाचे नसतात.

विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्राण्यासोबत वाटी देऊ नका, ड्रिपर द्या आणि दोन मिनिटं काढून तो कसा लावायचा ते दाखवा. गिऱ्हाईकाला युरेटचा रंग सांगा. आणि रानातून पकडलेले कॅमेलिऑन विकू नका, घेणाऱ्यांनीही मागू नका. बहुतेक कॅमेलिऑन साइट्स (CITES), म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आहे, आणि कागदपत्रांचं सोडा, असे प्राणी प्रवासात दिवस दिवस पाण्याविना राहिलेले असतात, अंगात जंत असतात, ताणामुळे पाणी समोर गळत असलं तरी पीत नाहीत. त्यातले कितीतरी नव्या घरी पोचल्यावर लवकरच मरतात आणि मालकाला वाटतं आपलंच काही चुकलं.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लेख लिहून घेता आला तर फार बरं होईल, फोटोसकट, विशेषतः पांढऱ्या आणि नारिंगी युरेटचे फोटो शेजारी शेजारी छापा. आणि सुट्टीचे दिवस सुरू व्हायच्या आत छापलं तर अधिक चांगलं, कारण लोक बाहेरगावी जातात, टायमरच्या भरवशावर प्राणी सोडून जातात, वीज गेली की काही टायमरचं सेटिंग उडतं आणि शेजाऱ्याला फक्त किडे टाकायला सांगितलेलं असतं. त्याला डबा भरलाय का, फवारा पडतोय का आणि खालचा ट्रे रिकामा आहे का, एवढं बघायला सांगून जा.

आपला,
एक वाचक